हरळी, बरड आणि गोल्फ : महू, कामठी, पचमढी, वेलिंग्टन आणि आता माझं वावर

बरडवाला (धागाकर्ता)

रामराम मंडळी. इथं कापसावर, संत्र्यावर, एसटीवर धागे आहेत, गोल्फवर एकही दिसला नाही म्हणून काढतो आहे.

मी आर्वी तालुक्यातला. साडेसात एकर वावर, त्यातलं पाच काळं आणि अडीच बरड. सैन्यात बावीस वर्षं काढून गावी आलो. आता पऱ्हाटी आणि तूर, आणि जमेल तेव्हा गोल्फ. गावात हे सांगितलं की समोरचा माणूस गप्प होतो. हा खेळ आपला नाही, असं त्यानं आधीच धरलेलं असतं. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते मैदानांच्या अनुभवातूनच सांगता येईल.

सुरुवात महूला झाली. तीन महिने माझी ड्युटी मैदानाच्या देखभालीवर होती. पहिल्याच सकाळी ग्रीनवर (चेंडू घालायचा खड्डा, म्हणजे होल, असतो ती बारीक कापलेल्या गवताची जागा) गुडघे टेकून बसलो, गवताची एक काडी ओढून पाहिली आणि हातच थांबला. हरळी होती ती. माझ्या आईनं जन्मभर खुरप्यानं उपटली ती हरळी. नांगरटीनंतर आम्ही पोरं तिच्या काशा वेचून धुऱ्यावर वाळत घालायचो, आणि मिरगाच्या पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवी व्हायची. इथं तिला पाणी देत होते, खत देत होते, रोज सकाळी कापत होते. इंग्रजीत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा त्याच कुळातल्या. चांगल्या ग्रीनवर तिचीच बुटकी संकरित जात लावतात आणि तीनचार मिलिमीटरवर कापतात. त्या दिवशी मला वाटलं की या खेळातलं निम्मं मला येतं. हरळी कुठून कुठं पळते, सावलीत का मरते, पाणी तुंबलं की कशी पिवळी पडते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

संध्याकाळी एका साहेबांनी हातात सात नंबरची आयर्न (लोखंडी टोकाची काठी; खेळाच्या काठीला क्लब म्हणतात) दिली आणि म्हणाले, मार. पहिले दहा फटके मातीतच गेले. अकरावा चेंडू सुटला. तो हातात जाणवलाच नाही, फक्त आवाज आला. तेव्हापासून सुटी मिळाली की जिथं बदली असेल तिथलं मैदान शोधायचं, असं ठरूनच गेलं.

महूची माती आपल्यासारखीच, माळव्याची काळी. पावसाळ्यात उंचावरून पडलेला चेंडू रुतून बसतो, नुसतं पांढरं टोपण दिसतं. तिथं कळलं की स्वतःच्याच फटक्यानं रुतलेला चेंडू दंड न घेता उचलता येतो, पुसता येतो आणि जवळच ड्रॉप करता येतो, म्हणजे हातातून खाली सोडता येतो. २०१९ पासून ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून करायचा. आधी तो खांद्याच्या उंचीवरून करायचे, चिखलात पडला की पुन्हा रुतायचा.

पचमढीचं सांगतो, कारण ते मैदान माझ्या मनातून जात नाही. आपल्या भागातला माणूस पचमढीला जातो तो महादेवासाठी. माझे आजोबा नागद्वारीला पायी गेलेले, चौरागडावर त्रिशूळ वाहून आलेले. मी मात्र तिथं पहिल्यांदा गेलो ते खांद्यावर गोल्फची बॅग घेऊन, आणि घरी सांगायला थोडा संकोच वाटला. (आजी म्हणाली, महादेवाचं दर्शन घेऊन मग खेळ. तसंच केलं.) हजार मीटरच्या वर पठार, खाली वालुकाश्म. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी मैदान चालायला तयार, कारण पाणी थांबतच नाही, वाळूतून निघून जातं. काळ्या मातीत आयर्न मारली की ढेकूळ उडतं, ओलं असेल तर चामड्यासारखं लोंबतं आणि हात झिणझिणतात. पचमढीत भाकरीच्या पापुद्र्यासारखी पातळ ढलपी निघते आणि खाली लालसर वाळू दिसते. फटका तोच, माणूस तोच, पण तिथं माझा चेंडू काळ्या मातीपेक्षा कितीतरी स्वच्छ सुटायचा. मला वाटायचं माझा खेळ सुधारला. महूला परत आलो तेव्हा कळलं, माती सुधारली होती.

वेलिंग्टन निलगिरीत, साडेअठराशे मीटरच्या आसपास. हवा विरळ असल्यानं चेंडू एक क्लब जास्त जातो, म्हणजे पुढच्या लांब पल्ल्याच्या क्लबनं मारल्याइतका. पण गवत किकुयू, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतलं. जाड, दाट, गादीसारखं. चेंडू त्यात बसतो आणि क्लबच्या दांड्याला गवत गुंडाळतं. खाली जोरात मारावं लागतं. धुकं आलं की झेंडा दिसेनासा होतो, मग दहा मिनिटं सगळे उभे.

कामठीला निवृत्तीच्या आधी खेळलो. त्याबद्दल इथले जाणकार लिहितील. तुम्ही कुठं खेळलात तेही सांगा.

कामठीरोड

बरडवाला, वाचून फार बरं वाटलं. मीही माजी सैनिक. कामठीचं मी सांगतो.

एप्रिल-मेमध्ये नागपूरकडचं ऊन काय असतं ते इथं कोणाला सांगायला नको. हरळी तेव्हा मरत नाही, झोपते. वरून सगळं तांबूस-पिवळं, मुळं जिवंत. जमीन फरशीसारखी कडक. नव्या माणसाला वाटतं मैदान गेलं, पण जुने खेळाडू याच दिवसांची वाट पाहतात, कारण चेंडू पडल्यावर तीसचाळीस यार्ड सहज धावतो. इथं उंच मारायचं नाही, ठेंगणा मारायचा आणि जमिनीला काम करू द्यायचं. सहाला सुरू करायचं, नऊच्या आत आवरायचं.

आता भेगांचं. काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझा चेंडू एकदा अशाच भेगेत गेला, दिसत होता, क्लब मात्र शिरेना. मी हक्कानं म्हणालो, उचलतो. सोबतचे म्हणाले, नाही. नियम असा की जमिनीची भेग ही आपोआप 'दुरुस्तीखालची जमीन' धरली जात नाही. कमिटीनं तशी खूण केली असेल किंवा आधी जाहीर केलं असेल तरच फुकट सूट. प्राण्यानं केलेलं बीळ असतं तर सूट मिळाली असती. मी एक फटक्याचा दंड घेतला. पुढच्या महिन्यात कमिटीनं भेगांची सूट लावली. तुमच्या वावरात खेळ चालू केलात तर हा स्थानिक नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

ओलीत

धागा चांगला आहे, लेखन मनापासून आहे, म्हणून मनातलं स्पष्ट लिहितो. राग मानू नका.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात. मार्च संपला की विहिरीला तळ दिसतो. बायका गुंडभर पाण्यासाठी रांगेत असतात. डोळ्यांदेखत माझ्या सख्ख्या मामाची बाग वाळली, सतरा वर्षांची संत्र्याची झाडं तोडून सरपण केलं. अशा मुलखात गवताला पाणी पाजायचा खेळ कोणी आणायला निघालं तर माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही वावरात गोल्फ करता म्हणता, पाणी कुठून देता?

बरडवाला

ओलीत भाऊ, राग कसला. हाच प्रश्न माझ्या भावानं विचारला होता, आणि उत्तर देता आलं नसतं तर मी एक खड्डासुद्धा खणला नसता.

मी एक थेंब पाणी देत नाही. माझ्या मैदानावर ग्रीन नाही, ब्राउन आहे.

जुन्या काळी हिंदुस्थानात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात पाणी नसलं की ग्रीनच्या जागी वाळूचं वर्तुळ करायचे. वाळूत तेल मिसळून रोलर फिरवायचा, की ती दबून बसते आणि वाऱ्यानं उडत नाही. रंग तपकिरी, म्हणून ब्राउन. पटिंगच्या (चेंडू हलकेच ढकलून होलात घालायच्या) आधी चेंडूपासून होलपर्यंत पोतं किंवा सपाट दांडा ओढून वाट गुळगुळीत करतात. एका जुन्या छावणीत निवृत्त माळीबाबांनी मला हे दाखवलं. पोतं ओढताना ते मागं मागं चालायचे, स्वतःच्या पावलाचा ठसा राहू नये म्हणून.

माझी अडीच एकर बरड. खालून मुरूम, वर टीचभर माती. तूरसुद्धा धड येत नव्हती. बियाण्याचे पैसे निघत नव्हते म्हणून चार वर्षं पडीतच होती, शेळ्या चरायच्या. तिथं तीन होल (पहिल्या फटक्याच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतच्या पट्ट्यालाही होलच म्हणतात) केले आहेत, ९०, ११० आणि १३० यार्डांचे. तिसरा कोपऱ्यातून कोपऱ्यात. मध्ये काहीच पेरलं नाही, काहीच भिजवलं नाही. पावसाळ्यात कुसळी आणि हरळी आपसूक येते, ती शेळ्याच कापतात. दिवाळीनंतर सगळं वाळतं आणि मग मे महिन्यापर्यंत खेळ.

होलचा व्यास नियमाप्रमाणे १०८ मिमी. ठिबकचं सामान आणलं तेव्हा चार इंची पाइपाचा तुकडा उरला होता. त्याचा बाहेरचा व्यास ११० निघाला, दोन मिलिमीटर जास्त. आतून मात्र १०८ पेक्षा कमी. मी तोच पुरला, काठापासून बोटभर खाली, आणि वरची कड १०८ च्या साच्यानं कापली. खोली चार इंचांहून जास्त. झेंडा म्हणजे वेळूची काठी आणि लाल लुगड्याचा तुकडा. २०१९ पासून पट मारताना झेंडा काढायची सक्ती नाही, त्यामुळं एकटा खेळतो तेव्हा सोय होते.

पाणी घालून मी हा खेळ कधीच करणार नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

मातीवाली

कृषी खात्यात काम करते, म्हणून एक सूचना. ब्राउनमध्ये तेल कोणतं घालता? जुन्या पद्धतीत गाडीचं जळकं ऑइल वापरत. त्यात जड धातू असतात, पहिल्या पावसात ते वाहून खालच्या वावरात, नाल्यात आणि शेवटी विहिरीत जातं. बरड जमिनीत तर लवकरच, कारण मुरूम पाणी धरत नाही. कृपया वापरू नका.

बरडवाला

मातीवाली ताई, पहिल्या वर्षी मी तेच वापरलं होतं. ट्रॅक्टरचं काढलेलं पाच लिटर. पोळ्याच्या सुमारास खालच्या धुऱ्याजवळ डबक्यावर इंद्रधनुष्यासारखी साय दिसली. तिथं माझे बैल पाणी पितात. त्याच दिवशी ती सगळी वाळू खरवडून पोत्यांत भरली. आता तेल नाही. बारीक चाळलेला मुरूम, त्यावर अर्धा इंच नदीची वाळू, आणि दवाच्या ओलाव्यातच पहाटे रोलर. रोलर म्हणजे जुन्या मोटेचं दगडी चाक. आठवड्यातून एकदा पुन्हा करावं लागतं, चेंडूही जरा हळू पळतो. चालतं.

पुण्यातला वऱ्हाडी

मूळ मोर्शीचा, नोकरी पुण्यात. येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर पाहुणा म्हणून चारपाच वेळा खेळलो. मोठाली झाडं आणि अरुंद फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी), सरळ मारता आलं नाही तर दिवसभर झाडाखालूनच खेळायचं. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी, १९२७ सालचं, तिथं एकदाच. पण तुमच्यासारख्यांनी मुंबईकडं आलात तर खारघरला जावं. सिडकोनं उभारलेलं मैदान आहे, सभासदत्वाची अट नाही, पैसे भरून कोणीही खेळू शकतो. दोन्ही बाजूंना डोंगर, पावसाळ्यात धबधबे दिसतात. महाराष्ट्रात अशी दारं उघडी असलेली मैदानं बोटावर मोजण्याइतकी.

हा खेळ फक्त श्रीमंतांचा, असं म्हणणाऱ्यांना दोन नावं सांगतो. अली शेर, कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) म्हणून सुरुवात केली आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. एस. एस. पी. चौरसिया, वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर मैदान राखायचे. त्यानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. रॉयल कलकत्ता म्हणजे १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना क्लब. तिथलं गवत कापणाऱ्याच्या पोरानं देशाची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकावी, यापेक्षा आणखी काय हवं.

बरडवाला

चौरसियाचं नाव काढलंत, मन भरून आलं. एक प्रसंग सांगतो, मैदानाचं नाव घेत नाही. निवृत्तीनंतर एका शहरात भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. फोन करून वेळ घेतली होती, पैसे भरायची तयारी होती. फाटकावर माझ्याकडं पाहिलं, बॅगेकडं पाहिलं. बॅग म्हणजे मी स्वतः शिवलेली ताडपत्रीची, आत सात क्लब. विचारलं, कोणाची बॅग पोचवायला आलास? मी म्हणालो माझीच. मग कॉलरचा सदरा नाही म्हणून आत सोडलं नाही. नियम असेल, मी नियम मोडणारा माणूस नाही. बाजारात जाऊन सदरा घेऊन आलो, तोवर माझी वेळ दुसऱ्याला दिली होती.

बसस्टँडवर रात्री झोप आली नाही. अपमानापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की आमच्या गावातलं एखादं पोरगं माझ्या जागी असतं तर ते पुन्हा कधीच फाटकापाशी गेलं नसतं. वावरात होल करायचं मी त्या रात्री ठरवलं.

पांदणीतला पोट्टा

काका, मले तं माहीतच नोतं का आपल्या आर्वीकडं असं काही हाये. म्या टीव्हीवर अदिती अशोकले पायलं होतं, टोकियो ऑलिम्पिकमदी चौथी आली थे. एका फटक्यानं मेडल हुकलं तिचं. त्या दिवशी आमी सारे पोट्टे सकाळी सकाळी टीव्हीसमोर, अन् नियम एकालेई समजत नोते. तुमच्याकडं येऊन शिकता येईन का? सामान नाई माह्याकडं.

शाळेच्या बाई

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझाही तोच प्रश्न. आमच्याकडं सातवीपर्यंत एकोणचाळीस मुलं, त्यात बावीस मुली. क्रिकेटमध्ये मुलींना सीमारेषेवर उभं करतात, बॅट हातात येत नाही. गोल्फमध्ये प्रत्येकाचा स्वतःचा चेंडू असतो आणि स्वतःची पाळी येतेच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण चेंडू लागला तर? ती काळजी आहे.

बरडवाला

बाई, काळजी रास्त आहे. चेंडू ४२.६७ मिमीचा, वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या वर, आणि लागला तर हाड मोडू शकतं. म्हणून माझे नियम कडक आहेत. एका वेळी एकच जण मारणार. बाकीचे त्याच्या मागं, दहा पावलं. तिन्ही होल रस्त्याकडं पाठ करून आहेत. शेजारच्या वावरात कोणी असेल तर खेळ बंद. चेंडू वाकडा गेला तर सगळ्यांनी मिळून 'फोर' ओरडायचं. लहान मुलांना पहिले दोन महिने फक्त पटिंग, आणि मोठा फटका मारायचा तर जाळीचा प्लास्टिक चेंडू.

एका मुलीचं सांगतो. शेजारच्या वावरात तिची आई निंदायला येते. पोरगी दहाबारा वर्षांची, धुऱ्यावर बसून बघायची. एक दिवस पटर (पटिंगचा क्लब) दिला. सगळी पोरं चेंडूकडं बघून मारतात. ही आधी ब्राउनला चक्कर मारून आली, खाली वाकली, तळहात जमिनीवर फिरवला. विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, पाणी टाकलं तर कुठं वाहीन ते. बारा हात लांबून तिचा चेंडू डावीकडं वळला आणि पाइपात पडला, खडखड आवाज आला. उतार वाचायला मला सहा वर्षं लागली होती. तिनं आईसोबत दांडातून पाणी वळवताना ते कधीच शिकून घेतलं होतं.

ओलीत

परत आलो. पाण्याचं उत्तर मिळालं, माझी शंका गेली. आमच्या गावालगत ई-क्लासची (सरकारी, गुरचराईची) खरडी जमीन आहे, पण तिथं सगळ्या गावाची ढोरं चरतात. त्यामुळं तिथं नको. माझ्या स्वतःच्या पडीतातला एकरभर तुकडा देता येईल. एक होल तरी बसेल का?

कामठीरोड

बसेल, सत्तर यार्डांचा. वेजचा (जवळच्या उंच फटक्याच्या क्लबचा) सरावही होईल. आणि गुण लिहायची सवय लावा. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) पद्धत आहे, शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ धरतात. मान्यताप्राप्त मैदानावरच ती फेरी धरली जाते, वावरातली नाही. पण वहीत लिहिलेला आकडा खोटं बोलत नाही. नव्या माणसाला जास्तीत जास्त ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे शिकाऊ माणूस मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीनं खेळू शकतो. असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

बरडवाला

ओलीत भाऊ, जागा बघायला मी येतो. येताना उताराचा अंदाज घेऊ. ब्राउन कधीही खोलगट भागात करायचा नाही, पाऊस सगळी वाळू नेतो.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी : तूर कापून झाली की या, तोवर मला वेळ नाही आणि रोही पण कळपानं फिरतात, ब्राउनवर खूर उमटवून ठेवतात. आर्वीहून पहिली एसटी पकडली तर फाट्यावर सहाच्या आधी उतराल. पुढं पंधरा मिनिटं पांदण, डावीकडं वाकडी बाभूळ दिसली की लाल झेंडा दिसेल. माझ्याकडं सात क्लब आहेत. पोट्ट्या, तू सामानाची चिंता करू नको, पायात बूट घाल, कुसळं फार आहेत. शाळेच्या बाईंनी मुली आणल्या तर आधी फोन नको, इथंच लिहा, म्हणजे मी त्या दिवशी शेजारच्यांना फवारणी दुपारी करायला सांगून ठेवीन.

शाळेच्या बाई

अकरा जणी येतो. पटर किती आहेत?

बरडवाला

एक. दुसरा सुताराकडं टाकला आहे, बाभळीचा. तोवर पाळीपाळीनं.